संहितेत नसलेलं वाक्य

पो-ते, ९ मार्च १९५३

बुन-हा,

माझं अक्षर ओळखून तू पत्र न फोडताच चुलीत घालशील, म्हणून पाकिटावरचा पत्ता मंडळीच्या मालकांकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहेस तर वाच. उभ्या उभ्या वाच हवं तर.

दोन वर्षं मी तुला काही लिहिलं नाही. लिहायला तोंड नव्हतं. तू आपली नाटक मंडळी सोडलीस त्या दुपारी पोशाखांच्या पेटीवर बसून मला म्हणालीस, "मास्तरीणबाई, माझ्या आईने मला कसं विकलं ते मी तुम्हाला माणूस समजून सांगितलं होतं. तुम्ही त्याचा दुसरा अंक केलात." आज सांगते, ते मुद्दाम नव्हतं झालं. गोष्ट सांगता सांगता जिभेवर आलं. प्रेक्षक ढसाढसा रडले, मालकांनी तोच खेळ पुढच्या तीन गावांत लावला, आणि मग मागे फिरता येईना.

थियाम-होक बरा आहे. तू त्याला नवरा म्हण नाहीतर म्हणू नकोस, पण बरा आहे. "बायकोला काही कळवायचं का?" म्हणून विचारलं, तर म्हणाला, "कळवा, मी तिच्या विरहाने खंगलोय." पोट केवढं सुटलंय ते तू बघायला हवं होतंस. विनोद केला आणि मग बराच वेळ पंपावर तोंड धूत बसला. तुमच्या पोरीला, क्योकला शाळेत घातलं का, हेही त्यानेच विचारायला सांगितलं. तसं म्हणाला मात्र नाही. म्हणाला, "तिकडे शाळा असते का हो?"

इथे एक नवीन काम माझ्या गळ्यात आलंय. वरून हुकूम आला आहे की यापुढे प्रत्येक खेळाची संहिता लिहून सात दिवस आधी द्यायची. शब्दन् शब्द. आपलं ते सकाळी गोल करून बसणं, लापशी खाता खाता मी गोष्ट सांगणं, कोण कुठून येतो, कोणाला काय ठाऊक आहे आणि काय नाही, कुठे अंक पडतो, आणि वाक्यं मात्र ज्याची त्याने रंगमंचावर शोधणं, ते सगळं बंद. जे कागदावर नाही ते बोलायचं नाही. सव्वीस वर्षं मी खेळ सांगितले, एकही लिहिला नाही. आता बोटांना शाईचे डाग पडलेत आणि कोणी ओळ विसरला की माझ्याकडे असा बघतो जसं काही मीच त्याच्या तोंडातून ती काढून घेतली.

सगळ्यात हाल सोंगाड्याचे. थियाम-होकला वाचता येत नाही हे तुला माहीत आहे. त्याला पाठही होत नाही. त्याचा जीव प्रेक्षकांशी बोलण्यात. मी त्याला ओळी वाचून दाखवते, तो मान डोलावतो आणि विंगेत जाईपर्यंत विसरतो.

उत्तर दिलंस तर बरं. नाही दिलंस तरी मी लिहीन.

— ग्योक-इन


पो-ते, २ एप्रिल

बुन-हा,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी. "आम्ही ठीक आहोत. क्योक पहिलीत आहे. पुन्हा लिहू नका." तिसरी ओळ मी वाचलीच नाही असं समज.

थियाम-होकला पहिल्या दोन वाचून दाखवल्या. त्याने पुन्हा वाचायला लावल्या. मग कार्ड मागून घेतलं आणि उलटं धरून बघत बसला. आता ते त्याच्या मेकअपच्या डब्यात आहे.

आमच्याकडे एक नवीन प्रेक्षक येतो. फान साहेब. तपासणीचे. नव्या सरकारबरोबर समुद्रापलीकडून चार वर्षांपूर्वी आलेले, चाळिशीचे, अगदी मऊ बोलणारे. तिसऱ्या रांगेत कडेला बसतात, मांडीवर माझ्या संहितेची प्रत आणि हातात लहानशी बॅटरी. आपली भाषा त्यांना कळत नाही. शेजारी दुभाषा असतो, पण तो बोट ठेवून फक्त सांगतो की आता इथे आलो, आता इथे.

खेळ संपला की ते मला भेटायला येतात. पहिल्या दिवशी मी दाराला पाठ लावून उभी राहिले. पण त्यांनी पीचचा डबा आणला होता, आणि बोलले ते नाटकाबद्दल. कॉलेजात असताना त्यांनी नाटकं बसवली होती म्हणे. दुभाष्याकडून विचारतात, "बाई, तुमच्याकडे शोकांतिका कशाला म्हणतात? शेवटी सगळे मेले की?" मी म्हटलं, "साहेब, आमच्याकडे शेवटी सगळे मेले तर लोक खुर्च्या फेकतात. रडवायचं मधे. शेवटी घरी पाठवायचं." ते खूप हसले. मग त्यांनी मला सांगितलं की खरी शोकांतिका वाईट माणसाची नसते. बऱ्या माणसाची असते, जो बऱ्या हेतूने एक पाऊल टाकतो आणि तेच चुकतं. मी म्हटलं, असेल.

मला त्यांच्याशी बोलायला आवडलं, बुन-हा. खोटं कशाला बोलू? सव्वीस वर्षांत मला कोणी विचारलं नव्हतं की तुम्ही गुपित पहिल्या अंकातच का फोडता. मी सांगितलं, की प्रेक्षकाला ठाऊक आणि पात्राला नाही, असं झालं की मग साधं "बस, चहा घे" म्हटलं तरी लोकांच्या पोटात गोळा येतो. ते लिहून घेत होते.

जाताना दारात थांबले. म्हणाले, "एक गोष्ट मला कळत नाही. लोक जिथे हसतात तिथे मी पेन्सिलीने खूण करतो. परवा सतरा खुणा झाल्या. घरी जाऊन बघितलं तर त्यांतल्या सहा ठिकाणी हसण्यासारखं काहीच लिहिलेलं नाही."

मी म्हटलं, "सोंगाड्या तोंडं वेडीवाकडी करतो, साहेब."

"असेल," ते म्हणाले.

मी थियाम-होकला खूप रागावले. म्हटलं, "कागदावर आहे तेवढंच बोल, नाहीतर तुझ्यामुळे सगळी मंडळी उपाशी मरेल." तो म्हणाला, "मास्तरीणबाई, मी बोलत नाही हो, सुटतं. शिंक नाही का येत?"

— ग्योक-इन


पाक-मुन, ३० एप्रिल

बुन-हा,

मुक्काम हलला. इथे मिठागरं आहेत, वारा खारट, आणि पोशाख वाळत घातले की कडक होतात. प्रेक्षक सगळे मिठागरातले. दुपारच्या खेळाला पाय न धुताच येतात.

नवीन खेळ लावला आहे. जुन्या काळचं एक वेशीबंद गाव, एक जुलमी सुभेदार, लहानपणी हरवलेला मुलगा, आणि शेवटी हातावरच्या व्रणावरून ओळख. संहिता पास झाली. माझ्या मते बेतासबात आहे. दुसरा अंक ओला लाकूडफाटा पेटवल्यासारखा नुसता धुमसतो. थियाम-होक वेशीचा पहारेकरी झाला होता. त्याला मी मुद्दाम एकच ओळ दिली होती, म्हणजे चुकायला जागा नको. "सूर्य मावळला, वेस लावतो." बस.

खेळ चांगला चालला. गर्दी होती.

थियाम-होक सध्या इथे नाही. दात फार दुखत होता, म्हणून बंदराच्या शहरी गेलाय, तिथे चांगला दातवाला आहे. थोडे दिवस लागतील. त्याने काही निरोप ठेवला नाही, घाईत गेला. तू काळजी करू नकोस. त्याच्याबद्दल तिकडे कोणी काही विचारायला आलं, तर दोन वर्षं संबंध नाही एवढंच सांग. खरंच आहे ते.

क्योकचा खोकला कसा आहे? तू कळवलं नाहीस, पण त्या कोपऱ्यात पाऊस फार, म्हणून विचारलं.

— ग्योक-इन


पाक-मुन, २१ मे

बुन-हा,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. औषधं विकणारी खिम-काकी बेटाला वळसा घालून तुमच्याकडे येते, तिच्या गोळ्यांच्या पिशवीत घातलंय. वाचून जाळ. उत्तर तिच्याकडेच दे.

दाताची गोष्ट खोटी होती. तुझ्या कार्डावरून दिसलं की तुला ती पटली नव्हती. "त्यांचे पुढचे चार दात सोन्याचे आहेत आणि मागचे मी असतानाच पडले होते. कुठला दात?" तू विचारलंस. तुला फसवणं मला कधीच जमलं नाही.

२६ एप्रिलला सकाळी आठच्या सुमाराला दोघे आले. आम्ही लापशी आणि खारवलेला मुळा खात होतो. त्यांनी नाव विचारलं. "थोडी विचारपूस आहे. दुपारच्या खेळापर्यंत परत येशील." थियाम-होकने वाडगा खाली ठेवला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "माझा प्रवेश दुसऱ्या अंकात आहे साहेब. पहिला अंक तुमचा." कोणी हसलं नाही. तो लाकडी खडावा घालूनच गेला. गल्लीच्या टोकापर्यंत त्यांचा टकटक आवाज येत होता.

दुपारी मालकांनी दुसऱ्याला पहारेकरी केला. तो आला, "सूर्य मावळला, वेस लावतो" म्हणाला आणि गेला.

कारण तुला कळायला हवं. दुसऱ्या खेळापासून थियाम-होकने त्या ओळीनंतर एक तुकडा घातला. वेस लावता लावता तो माणसं मोजायचा. मग प्रेक्षकांकडे वळून म्हणायचा, "सकाळी वेशीबाहेर गेले एक्केचाळीस. परत आले चाळीस." बोटं मोजायची, डोकं खाजवायचं. "माझंच चुकत असेल, मायबाप. शाळेत गेलो नाही ना!" लोक हसायचे. दुसऱ्या दिवशी चाळीस गेले, एकोणचाळीस आले. तिसऱ्या दिवशी आणखी एक कमी.

या गावातून गेल्या हिवाळ्यात मिठागराचे दोन कारकून आणि एक शिक्षक विचारपुशीला गेले ते आलेले नाहीत. मला ते नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी लोक हसले, आणि हसता हसता मधेच थांबले. सगळे एकदम. चारशे माणसांचं हसू असं कापल्यासारखं थांबलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मागच्या रांगेतली एक म्हातारी उठून निघून गेली. तिसऱ्या रांगेत बॅटरी लागली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला नेलं, आणि दुपारनंतर मला बोलावलं. फान साहेबांनी खुर्ची दिली. प्रत उघडून दाखवली. "इथे एवढीच ओळ आहे. या ओळीवर चारशे माणसं हसली आणि मग गप्प झाली. हसणं मी समजू शकतो, बाई. गप्प होणं कुठे लिहिलंय?"

त्यांनी प्रत माझ्याकडे सरकवली.

"पुढचं वाक्य कोणाचं? तुमचं की त्याचं?"

मी सांगितलं, की माझ्या प्रतीत ते नाही. सोंगाड्या मनचं बोलतो, त्याला पहिल्यापासून खोड आहे.

त्यांनी ते लिहून घेतलं आणि मला चहा दिला.

बुन-हा, त्याची चूक होती. मी त्याला शंभरदा सांगितलं होतं.

— ग्योक-इन


पाक-मुन, १२ जून

बुन-हा,

खिम-काकी काल आली. तिने तुझं पत्र पायमोज्यातून काढून दिलं. तू लिहिलंस, "त्या माणसाशी मी सहा वर्षं संसार केला. तो तोंडाला येईल ते बोलतो, पण एकावर एक रचून तीन दिवस वाढवत न्यावं असं त्याला सुचत नाही. एकेक माणूस कमी करत नेणं हे त्याचं डोकं नाही. मास्तरीणबाई, मी तुमच्या हाताखाली सात वर्षं होते. ते वाक्य कोणाचं?"

पत्र वाचून मी पोशाखांच्या पेट्यांमागे जाऊन बसले.

माझं.

पहिल्या खेळानंतर मला झोप आली नव्हती. दुसरा अंक मेला होता. सुभेदार जुलमी आहे असं सगळी पात्रं सांगत होती, पण तो जुलूम कोणाला दिसत नव्हता. आणि सकाळी लापशी ढवळताना मला ते एकदम दिसलं. सोंगाड्याने माणसं मोजायची. काही सांगायचं नाही, रडायचं नाही, फक्त मोजायचं आणि स्वतःला मूर्ख म्हणायचं. रोज एक कमी. इतकं चांगलं मला दहा वर्षांत सुचलं नव्हतं. कागदावर ते लिहिता येणार नव्हतं, ते पास झालं नसतं. म्हणून मी थियाम-होकला पंपापाशी गाठलं आणि पूर्वीसारखं सांगितलं.

तो लगेच हसला नाही. तो म्हणाला, "मास्तरीणबाई, हे गमतीचं आहे का?"

मी म्हटलं, "तू बोललास की होईल."

तो म्हणाला, "तुम्ही म्हणता तर बोलतो."

दर दिवशी एक कमी करायचं हेही मीच सांगितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तो म्हणाला, "आज नको. काल पुढच्या रांगेत बसलेल्या बाईने माझ्याकडे असं बघितलं की माझ्या पाठीतून थंडी गेली." मी म्हटलं, "तेच तर हवंय." मी विंगेत उभी राहून ती शांतता ऐकली. आणि तुला सांगते, त्या क्षणी मला आनंद झाला. ती बॅटरी लागेपर्यंत मी या बेटावरची सगळ्यात मोठी नाटककार होते.

आता हेही लिहिते. तुझ्या आईची गोष्ट मी मुद्दाम घेतली होती. तू रंगमंचावर रडायचीस ते गळ्यातून; मला ते पोटातून हवं होतं. जिभेवर आलं वगैरे काही नाही. मी आदल्या संध्याकाळी बसून तिचे तीन भाग पाडले होते, आणि विकणाऱ्या आईचं काम करणारीला मुद्दाम सांगितलं होतं की मुलीच्या हातात भाजलेलं रताळं दे, कारण तुझ्या आईने तुला वाटेत ते दिलं होतं.

फान साहेबांना मी जे सांगितलं ते एका दृष्टीने खरंच होतं. प्रतीत ते नव्हतं. मी हे स्वतःला रोज सांगते.

थियाम-होक कुठे आहे ते कळलं आहे. शहरातल्या त्या विचारपुशीच्या पिवळ्या इमारतीत. मालकांनी कपडे पाठवले होते, ते घेतले त्यांनी. म्हणजे आहे.

तू म्हणशील ते मी करीन.

— ग्योक-इन


पाक-मुन, ५ जुलै

बुन-हा,

तुझी चिठ्ठी मिळाली. "जा आणि सांगा." तीनच शब्द, आणि खाली सही.

उद्या जाते. इथून सकाळी सातची बस आहे. मालकांना सांगितलं की बहीण आजारी आहे. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला बहीण नाही." मग आत जाऊन त्यांनी देवासमोर उदबत्ती लावली. नवीन खेळाच्या आधी लावतात तशी.

भीती वाटते. पण हलकंही वाटतं. बऱ्याच दिवसांनी नीट जेवले. मी खरं सांगितलं की तो सुटेल, सोंगाड्याला दुसऱ्याच्या ओळींसाठी कोण धरून ठेवतं? आणि मी म्हातारी, माझं काय करतील?

— ग्योक-इन


पाक-मुन, ९ जुलै

बुन-हा,

हे शेवटचं. खिम-काकी बाहेर थांबली आहे. मी भरभर लिहिते, अक्षर लावून घे.

सहा तारखेला गेले. फान साहेबांनी लगेच बोलावलं. मला बघून त्यांना आनंद झालासा दिसला. "बाई, पुढचा खेळ झाला का लिहून?" मी म्हटलं, "साहेब, ते वाक्य माझं. मी त्याला तोंडी सांगितलं. तो नको म्हणत होता, मी बोलायला लावलं." दुभाषा थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं, म्हणजे मी शब्द परत घ्यावेत म्हणून वेळ दिला. मी घेतले नाहीत. मग त्याने सांगितलं.

फान साहेबांनी पेनचं टोपण लावलं. मग म्हणाले, "तुम्ही कशाला आलात?"

बुन-हा, मी तुला एक गोष्ट लिहिली नव्हती. मेमध्ये त्यांनी मला दुसऱ्यांदा बोलावलं होतं. तेव्हा ते म्हणाले होते, "तो म्हणतो ओळ माझी. तुम्ही म्हणता त्याची. दोघांचं जुळतं. अडाणी सोंगाड्या आहे, तोंड सुटलं. सहा महिने शिबिरात ठेवतील, चार चांगली गाणी शिकवतील आणि नव्या वर्षाच्या आत घरी पाठवतील." मी ते तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर तुला वाटलं असतं, की मी गप्प बसायला कारण शोधते आहे. आणि तेव्हा मला खरोखर ठाऊक नव्हतं, की मी त्याच्यासाठी गप्प आहे की माझ्या कातडीसाठी. तुझी चिठ्ठी आली तेव्हा वाटलं, सुटले, आता मला ठरवायचं नाही. तुला सगळं ठाऊक असतं तर तू काय लिहिलं असतंस ते मी विचारत नाही. तू तीन शब्द लिहिलेस ते अर्धीच गोष्ट ऐकून. उरलेली अर्धी मी ठेवून घेतली होती.

फान साहेबांनी मला समजावून सांगितलं, शांतपणे, जसे नाटकाबद्दल बोलायचे तसे. एकाचं तोंड सुटलं तर ती जिभेची चूक. पण एकीने विचार करून रचलं, लेखी द्यायचं टाळलं, दुसऱ्याला पढवलं, रोज एक पाऊल पुढे नेलं, आणि दुसऱ्याने धोका कळत असून ते बोललं आणि वर चौकशीत पहिलीला लपवलं, तर ती चूक राहत नाही. दोघांनी मिळून केलेली ती गोष्ट होते. तिला कायद्यात वेगळं नाव आहे. "सहा महिने आता विसरा," ते म्हणाले. "दहा वर्षं, किंवा त्याहून जास्त. दोघांनाही. आता ते माझ्या हातात राहिलं नाही." आणि मग म्हणाले, "तुमचा दुसरा अंक फार चांगला होता, बाई. म्हणूनच."

मग त्याला आणलं. दोघांचे जबाब समोरासमोर ठेवायचे असतात म्हणे. बुन-हा, पोट राहिलेलं नाही. सोन्याचे दात नाहीत. डोकं भादरलंय. मला बघून त्याने आधी हसायला तोंड उघडलं. मग दुभाष्याने माझा जबाब वाचून दाखवला, आणि तो माझ्या अंगावर ओरडला. मी त्याला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं? सगळं जुळवलं होतं मी! अडीच महिने एकच बोलतोय, माझी ओळ, माझी ओळ! एवढी एक गोष्ट मला जन्मात पाठ झाली होती, आणि तुम्ही येऊन..."

शिपायाने त्याला खाली बसवलं.

थोड्या वेळाने त्याने हळूच विचारलं, "बुन-हाने लिहिलं होतं का तुम्हाला? जा म्हणून?"

मी म्हटलं, "नाही. ती माझ्याशी बोलते कुठे?"

त्याने मान हलवली. त्याला बरं वाटलं असावं. तू ती चिठ्ठी लिहिलीस हे तुझ्यामाझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. मी मरेपर्यंत बोलणार नाही, आणि तूही त्याला कधी सांगू नकोस. भेट झाली तरी नको, पत्रात तर मुळीच नको. आत गेलेल्यांची पत्रं वाचली जातात. तुला विचारायला माणसं येतील. दोन वर्षांपूर्वी सोडून आले, नवरा पिऊन मारायचा, असं सांग. त्याने तुला कधी बोटही लावलं नाही हे मला ठाऊक आहे, पण तू तेच सांग, आणि रडून सांग. माझी पत्रं सगळी जाळ. पाकिटंसुद्धा.

मला तीन दिवस दिले. फान साहेब म्हणाले, "हातातला खेळ मालकांना पुरा करून द्या, अर्धा टाकून येऊ नका. जाड कपडे आणा." तो काल पुरा केला. साधा आहे. कोणालाही पाठ होईल. आज दुपारी ते गाडी घेऊन येतील. ते मला विसरले असं काल क्षणभर वाटलं होतं, पण गल्लीच्या टोकाला सकाळपासून एक माणूस पेपर घेऊन बसलाय आणि पान उलटत नाही.

त्याला परत नेताना दारात त्याने शिपायाला थांबवलं. मला म्हणाला, "मास्तरीणबाई, क्योक आता केवढी झाली असेल?"

मला काय ठाऊक? मी तिला चार वर्षांची असताना बघितलं होतं. पण तो थांबला होता, आणि शिपाई त्याचा दंड ओढत होता. मी हात पुढे केला आणि हवेत धरला, माझ्या कमरेच्या जरा वर. "एवढी," मी म्हटलं. "आणि तुझ्यासारखी बोलते."

त्याने त्या हाताच्या खाली असं बघितलं, जसं तिथे कोणी उभं आहे. आणि गेला.

बुन-हा, हात फार खाली तर धरला नाही ना मी?

— ग्योक-इन